चार वाजून दहा मिनिटं

विकांताला काहीतरी हलकंफुलकं खरडावं असा आमचा शिरस्ता. पण गेल्या आठवड्यात हापिसातल्या एका नवीन पोराने विचारलं, "सर, ७७७ देऊन टाकू का? तात्पुरतं?" आणि माझ्या पोटात खड्डा पडला. (एक तर कोणीतरी मला 'सर' म्हणालं म्हणून, आणि दुसरं त्या ७७७ मुळे.) त्याला जे सांगायचं ते पाच मिनिटांत सांगून झालं. जे सांगितलं नाही ते इथे लिहितोय.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. पण त्याआधी, ज्यांचा लिनक्सशी संबंध फक्त नावापुरता आहे त्यांच्यासाठी थोडी बाराखडी. (बाकीच्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.) लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि मग उरलेली दुनिया. या तिघांना प्रत्येकी तीन गोष्टींची परवानगी देता येते: वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि मग बेरीज. ६४० म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, गटाने नुसतं वाचावं, बाकीच्यांनी घरी जावं. वाकडच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायचो तेव्हा फ्रीजचा कायदा असाच होता. आईने पाठवलेलं लोणचं माझं, दूध चौघांचं, आणि सोसायटीतल्या इतरांनी फ्रीज उघडायचाच नाही. ७७७ म्हणजे तो फ्रीज उचलून जिन्यात नेऊन ठेवणं. सगळ्यांना सगळं.

शिवाय या तीन आकड्यांच्या डावीकडे एक चौथा आकडा असतो. सहसा शून्य असतो म्हणून कोणी लिहीत नाही. तो कशासाठी, तर समजा तुम्हाला स्वतःचा पासवर्ड बदलायचाय. पासवर्डचे हॅश 'शॅडो' नावाच्या फाइलीत असतात आणि ती फाइल साध्या माणसाला उघडताही येत नाही. म्हणून पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो तेवढ्यापुरता रूटच्या, म्हणजे सर्वेसर्वा मालकाच्या, अधिकाराने चालतो. ही युक्ती डेनिस रिचींची. बेल लॅब्जमध्ये असताना १९७३ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ मध्ये ते मिळालंही. फाइलीला नुसतं ७७७ दिलं की हा चौथा आकडा पुसला जातो. म्हणजे गंमत बघा, सगळ्यांना सगळं मिळतं, आणि ज्याला खरोखरच विशेष अधिकार हवा होता नेमका त्याचाच जातो.

तर, शुक्रवार. एका क्लायंटचं पोर्टल, आमच्याच हापिसातल्या सर्व्हररूममधलं एक जुनं मशीन, त्यावर सेंटओएस ७. पोर्टलवर फाइल अपलोड होत नव्हती. लॉगमध्ये एकच रडगाणं: परवानगी नाकारली. संध्याकाळी डेमो. मी तेव्हा नोकरीच्या तिसऱ्या वर्षात, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याच्या वयात. त्या सर्व्हरवर रूटचा एकच पासवर्ड होता आणि तो आम्हा पाच जणांना तोंडपाठ होता. रूट म्हणून आत शिरलो आणि टंकलं:

चमॉड -आर ७७७ / एसआरव्ही/पोर्टल/अपलोड्स

पहिल्या स्लॅशनंतर एक मोकळी जागा आहे, दिसली? मला दिसली नाही. बोटाने कधी स्पेसबार दाबला देव जाणे. त्या एका जागेमुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले. दुसरा अस्तित्वातच नव्हता. पहिला होता नुसता '/', म्हणजे अख्खा सर्व्हर. आणि '-आर' म्हणजे 'आत जे जे काही असेल त्या सगळ्याला'.

पुसण्याची आज्ञा असती तर यंत्राने अडवलं असतं. 'आरएम'ला आता तेवढी अक्कल दिलेली आहे, नुसत्या मुळावर घाव घालायला तो सरळ नकार देतो. 'चमॉड'मध्येही तशी सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. मी कशाला मागतोय?

एरवी डोळ्याचं पातं लवेपर्यंत होणारं काम लांबलं आणि स्क्रीनवर '/प्रॉक' मधल्या फाइलींच्या तक्रारी धो धो वाहायला लागल्या तेव्हा ट्यूब पेटली. कंट्रोल-सी मारलं. तोवर अर्धं मिनिट गेलं होतं. अर्ध्या मिनिटात यंत्र बरंच काम करतं हो! 'ईटीसी', 'यूएसआर', 'व्हार', घरं, दारं... सगळं जिन्यात.

घड्याळात ४ वाजून १० मिनिटं झाली होती.

आणि मग... काहीच झालं नाही. पोर्टल सुरू होतं. डेटाबेस सुरू होता. कोणाचा फोन नाही, आरडाओरडा नाही. कारण लिनक्स परवानगी तपासतो ती फाइल उघडताना. जे आधीच उघडून बसलेत त्यांना बाहेर काय झालंय याचा पत्ता नसतो. माझ्या मनाने लगेच वकिली सुरू केली. सगळं चाललंय की! कदाचित फारसं काही झालंच नसेल. आणि रूट तर पाच जणांकडे आहे. कुठल्या मशीनवरून कोण आलं होतं ते लॉगमधून खणून काढता येईल, पण ते खणणार कोण?

मी चहा आणला. तो प्यायलो नाही. हळूच शोधाशोध केली, तर जगभरातले शहाणे एकच सांगत होते: नव्याने इन्स्टॉल करा. खिडकी बारीक केली. परत मोठी केली.

पाच वाजता नाईट शिफ्टचा मुलगा आला. लातूरकडचा, कंत्राटावर होता, आणि त्याच महिन्यात त्याचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं. त्याने सर्व्हरवर लॉगिन करून पाहिलं. जोडणी बंद. पुन्हा पाहिलं. बंद. (एसएसएच प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी सर्व्हरच्या खासगी किल्ल्या नव्याने उघडून बघतं. त्या सगळ्या जगाला वाचता येताहेत असं दिसलं की ते किल्ल्या वापरायलाच नकार देतं.) त्याचा चेहरा उतरला. "काल रात्री मीच एसएसएचच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली होती," तो म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं म्हणून. माझ्याकडूनच काहीतरी गडबड झाली असणार."

मी गप्प.

"रीस्टार्ट मारून बघू का, सर?"

इथे मला शहाणपण सुचलं असं लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला भीती सुचली. रीस्टार्ट केलं असतं तर जे आधीपासून चालू होतं म्हणून चालू होतं, तेही बसलं असतं. पोस्टग्रेसच्या विदा-फोल्डरवर बाहेरच्यांना परवानगी दिसली की ते सुरूच होत नाही. आणि माझं उघडं असलेलं रूटचं सेशनही गेलं असतं. "रीस्टार्ट नको!" मी जवळजवळ ओरडलोच. "का?" त्याने विचारलं. आता या 'का'ला दुसरं उत्तर नव्हतं.

काका म्हणजे आमचे सिस्टिम अॅडमिन. पन्नाशी ओलांडलेले, अख्ख्या हापिसाचे काका. बॅग खांद्याला लावून निघालेच होते. मी जिन्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "खिडकी उघडी आहे?"

"कुठली?"

"टर्मिनलची रे बाबा. रूटची."

"आहे."

"मग घाम पूस. आणि ती बंद करू नकोस."

नवीन कोणाला आत येता येत नव्हतं, आणि 'सुडो'चा चौथा आकडा पुसला गेल्यामुळे आत असलेल्यालाही रूट होता येत नव्हतं. जगात एकच दार उरलं होतं आणि ते माझ्या लॅपटॉपवर होतं. त्या लॅपटॉपची बॅटरी १९ टक्के. चार्जर घरी! त्या नाईट शिफ्टच्या मुलाने धावत जाऊन कुठून तरी चार्जर पैदा केला, लॅपटॉपची झोप बंद केली आणि कीबोर्डसमोर कागद लावला: 'हात लावू नये'. काकांनी खुर्ची ओढता ओढता मँचेस्टर विद्यापीठातली गोष्ट सांगितली. तिथे १९८६ साली एकाने मुळापासून सगळं पुसायला घातलं होतं आणि अर्ध्यावर ते लक्षात आलं. तिथल्या मंडळींनी उघड्या राहिलेल्या एका एडिटरच्या जोरावर ते मशीन परत उभं केलं. "अशा वेळी जे उघडं आहे ते उघडंच ठेवायचं," काका म्हणाले.

पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतंच. पहिलं काम रात्रीचा बॅकअप थांबवण्याचं. आमचा बॅकअप फाइलींबरोबर त्यांच्या परवानग्याही जशाच्या तशा उतरवून घ्यायचा. रात्री अकराला तो चालला असता तर बरोबर आकड्यांची आमच्याकडची एकुलती एक नक्कल माझ्या ७७७ ने रंगली असती. म्हणजे मी घरी जाऊन चादर ओढून झोपलो असतो तर... असो. लॉग बघितला तर क्रॉनने आधीच 'बॅड फाइल मोड' म्हणून कामाला नकार देऊन ठेवला होता. लॉग फिरवणाराही रुसलेला. इतकं मोकळं असेल तर आम्ही काम करणार नाही, अशी या जुन्या प्रोग्रॅम्सची तत्त्वं आहेत. त्या दिवशी त्या सर्व्हरवर तत्त्वं नसलेला एकच जण होता.

मग काकांनी आरपीएमला हाक मारली. सेंटओएसवर जे जे पॅकेज बसवलं जातं, त्यातल्या प्रत्येक फाइलीचा मालक कोण आणि परवानगी काय याची नोंद आरपीएमच्या खतावणीत असते. मालक मी बदलले नव्हते, फक्त परवानग्या. त्यामुळे एकच आज्ञा पुरली: सगळ्या पॅकेजांवर 'सेटपर्म्स'. काही मिनिटं पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या आणि एकेक फाइल आपापल्या जागी जाऊन बसली. 'सुडो'ला त्याचा चौथा आकडा परत मिळाला. शॅडो फाइलीची मूळ परवानगी काय होती माहितीये? ०००. कोणालाही काही नाही. (रूटला परवानगी लागतच नाही.) ज्या फाइलीवर ००० होतं तिथे मी ७७७ लिहून आलो होतो.

एसएसएचच्या किल्ल्या मात्र खतावणीत नव्हत्या, कारण त्या त्या मशीनवरच जन्मतात. त्यांना हाताने ६०० दिलं. त्या मुलाने दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून पाहिलं. लागलं! तरीही काकांनी माझी खिडकी बंद करू दिली नाही. घड्याळात ६ वाजून ४० मिनिटं झाली होती. डेमो केव्हाच पुढे ढकलला होता. मॅनेजरला फोन काकांनी नाही, मीच केला. ते त्यांनी मला करायला लावलं.

मग पोर्टलच्या फाइली आणि लोकांची घरं. ती बॅकअपमध्ये होती. बॅकअपवरच्या परवानग्यांची यादी 'गेटएफएसीएल'ने काढली आणि 'सेटएफएसीएल'ने सर्व्हरवर परत लावली. फाइलीतला मजकूर तसाच, फक्त आकडे बदलले. तेही झालं.

आणि मग उरल्या त्या चाळीसेक फाइली ज्या ना पॅकेजमधल्या, ना बॅकअपमधल्या. कोणीतरी कधीतरी टाकलेल्या स्क्रिप्ट्स, डेटाबेसचा पासवर्ड आत लिहिलेली एक सेटिंगची फाइल, अर्धवट नावाचे फोल्डर. 'जगाला लिहिता येतात अशा सगळ्या फाइली दाखव' असं 'फाइंड'ला सांगितल्यावर त्या बाहेर आल्या. त्यांच्या परवानग्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. त्या फक्त माणसांना माहीत होत्या. रात्री नऊ वाजता मी एकेकाला फोन लावत होतो, "अरे, ही स्क्रिप्ट तुझी का? कोण चालवतं ही?" आणि प्रत्येक जण आधी विचारायचा, "का रे, काय झालं?" प्रत्येकाला सांगावं लागलं. तिसऱ्या फोननंतर ते सोपं झालं. चौथ्याला तर मी हसलोसुद्धा.

दीड वाजता सगळं जागेवर होतं. मूळ दुखणंही सापडलं: त्या अपलोडच्या फोल्डरला एसई-लिनक्सचं लेबल चुकीचं लागलं होतं. म्हणजे माझी आज्ञा एकदम बरोबर, मोकळ्या जागेशिवाय, टंकली गेली असती तरी अपलोड चाललंच नसतं. :)

मी लॅपटॉप मिटता मिटता सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "काका, आता सगळं झालंय पूर्ववत. सोमवारी कोणाला काही कळवायची गरज नाही ना?"

काकांनी चष्मा काढला. "शॅडो किती वेळ उघडी होती?"

"चार दहा ते सहा चाळीस. अडीच तास."

"तेवढ्या वेळात आत कोण कोण होतं?"

पाहिलं. माझ्याशिवाय अकरा जण.

"त्यांच्यापैकी कोणी ती वाचली नाही, असं तू सिद्ध करू शकतोस?"

नव्हतो करू शकत. अकराही जण सज्जन आहेत, माझी खात्री आहे. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. फाइलीला लावलेलं ७७७ काढून परत ००० करता येतं. पण मधल्या अडीच तासांत ती कोणी पाहिली नाही, असं कुठल्याच आज्ञेने करता येत नाही. म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे. सर्व्हरच्या किल्ल्या नव्या करायच्या. वेबसाइटचं प्रमाणपत्र नव्या किल्लीवर घ्यायचं, डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा. आणि किल्ल्या बदलल्या की सोमवारी लॉगिन करताना प्रत्येकाला भलामोठा इशारा दिसणार: यंत्राची ओळख बदलली आहे, कोणीतरी भलतंच असू शकेल. सर्व्हर दुरुस्त करता येत होता. झाकता येत नव्हता.

शनिवारी मी मेलचा मसुदा काकांना पाठवला. सुरुवात अशी: 'शुक्रवारी सर्व्हरवरील फाइलींच्या परवानग्या अनवधानाने बदलल्या गेल्या.' काकांचं उत्तर दोन शब्दांचं: "कोणी बदलल्या?"

शाळेत व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकलो तेव्हा कर्त्याला पडद्याआड ढकलणारी वाक्यं नक्की कशासाठी असतात ते कळलं नव्हतं. ती हापिसातल्या मेलसाठी असतात. दुसऱ्यांदा लिहिलं: 'शुक्रवारी ४ वाजून १० मिनिटांनी मी चुकून संपूर्ण सर्व्हरच्या परवानग्या ७७७ केल्या. सुमारे अडीच तास पासवर्डचे हॅश आणि खासगी किल्ल्या सर्व्हरवरच्या कोणालाही वाचता येत होत्या. कृपया आपला पासवर्ड आजच बदला.' खाली नव्या किल्लीचा ठसा दिला, म्हणजे इशारा दिसल्यावर तो ताडून बघता येईल. पाठवताना हात थरथरला. मग काही आकाश कोसळलं नाही. मॅनेजर यथास्थित बोलले. रूटचा सामायिक पासवर्ड बंद झाला, प्रत्येकाला आपापलं नाव आणि 'सुडो' मिळालं, आणि पुढच्या दोन आठवड्यांत काकांनी नवा सर्व्हर उभा करून पोर्टल तिकडे हलवलं. शहाण्यांचं तेवढं बरोबरच होतं, असा पोळलेला सर्व्हर कायमचा वापरायचा नसतो. (सेंटओएस ७ स्वतःही ३० जून २०२४ ला निवृत्त झालं.)

त्या मुलाचं कंत्राट नवं झालं. त्याच आठवड्यात एकदा पाच वाजता आम्ही खालच्या टपरीवर चहाला उभे होतो. पाऊस होता. तो म्हणाला, "सर, मेल वाचला तुमचा. चांगलं केलंत नाव लिहिलंत ते."

मी 'त्यात काय' असं काहीतरी पुटपुटलो.

"त्यात चार दहा लिहिलंय," तो कपाकडे बघत म्हणाला. "मी आलो तेव्हा पाच वाजले होते."

मेल कितीतरी जणांना गेला होता. तो आकडा त्या अर्थाने एकट्यानेच वाचला. मी म्हणालो, "हो." मग म्हणालो, "चुकलो." त्याने मान हलवली. दुसरा चहा त्याने सांगितला आणि पैसेही त्यानेच दिले. मला देऊ दिले नाहीत.

गेल्या आठवड्यातल्या त्या नव्या पोराला मी सांगितलं की ७७७ देऊ नकोस, आधी मालक कोण आहे ते बघ, लेबल बघ, आणि एंटर मारण्याआधी स्लॅशच्या पुढे मोकळी जागा नाही ना ते बघ. हे सगळं पाच मिनिटांत झालं. जाता जाता एवढंच म्हणालो, "आणि समजा झालंच काही, तर खिडकी बंद करू नकोस. लगेच ये माझ्याकडे. लगेच म्हणजे लगेच."

तो म्हणाला, "हो सर."

लगेच म्हणजे किती मिनिटं, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नेमका आकडा सांगता आला असता.